पायथॉनमधे विंडो बनवताय? मेन विंडो एकच ठेवा

नाशिकमधे कॉलेजची बरीच पोरं प्रोजेक्टला कांदा नाहीतर द्राक्षाचा हिशोब घेतात, आणि चांगलंच आहे ते, लासलगाव-पिंपळगावला खळ्यावर, म्हणजे लिलावानंतर माल उतरवतात त्या व्यापाऱ्याच्या जागेवर, रोज हे लागतं. म्हणून उदाहरण पण तेच घेऊ, हिशोबपट्टीची विंडो: शेतकऱ्याचं नाव, वजन क्विंटलमधे, भाव, हमाली-तोलाई वजा, खाली रक्कम. वापरायचं टीकेइंटर, म्हणजे पायथॉनची विंडो बनवायची लायब्ररी. विंडोजवर पायथॉन टाकलं की सोबतच येतं, उबंटूवर मात्र पायथॉन३-टीके नावाचं पॅकेज ॲप्ट कमांडने वेगळं टाकावं लागतं.

सुरुवात सोपी आहे. टीकेइंटर इम्पोर्ट करा, टीके क्लासचा एक ऑब्जेक्ट बनवा, नाव ठेवा रूट, हीच तुमची मेन विंडो. टायटल मेथडने वरच्या पट्टीवरचं नाव द्या, जॉमेट्रीने साइज द्या, म्हणजे ४८० आणि ३२० च्या मधे इंग्रजी लहान एक्स, गुणाकाराचा स्टार टाकला तर एरर येतो. पुढे प्लसची खूण लावून स्क्रीनवर डावीकडून आणि वरून किती पिक्सेल सोडायचे तेही तिथेच सांगता येतं. मिनसाइज पण द्याच, नाहीतर कोणीतरी विंडो ओढून इतकी बारीक करतो की सेव्हचं बटण दिसेनासं होतं. सगळ्यात शेवटी मेनलूप, म्हणजे विंडो उघडी ठेवून क्लिकची वाट बघत राहणारा लूप, ते नसेल तर स्क्रिप्ट संपते आणि विंडो दिसायच्या आत गायब.

आता खरा मुद्दा. "नवीन शेतकरी" बटण दाबल्यावर दुसरी विंडो उघडायची असते, आणि तिथे सगळे पुन्हा टीके क्लासच वापरतात. असं करू नका प्लीज. दुसऱ्यांदा टीके बनवलं की आत पूर्ण वेगळा इंटरप्रिटर सुरू होतो, आणि तुम्ही मास्टर (म्हणजे कुठल्या विंडोचा ते) न देता बनवलेला स्ट्रिंगव्हार, म्हणजे बॉक्समधे टाईप केलेलं धरून ठेवणारा व्हेरिएबल, पहिल्या रूटलाच चिकटलेला राहतो, मग दुसऱ्या विंडोत नाव टाईप केलेलं डोळ्यांना दिसतंय पण गेट केलं की रिकामं येतं, आणि पोरं रात्रभर डेटाबेस तपासत बसतात, जिथे काहीच बिघडलेलं नसतं. दुसरी विंडो म्हणजे टॉपलेव्हल, तिला पॅरेंट म्हणून रूट द्यायचा. मग ट्रान्झियंटला रूट दिलं की ती मेन विंडोच्या वरच राहते, मागे लपत नाही. आणि ग्रॅब सेट केलं की ती बंद होईपर्यंत मागच्या विंडोवर क्लिक चालत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण लिलाव उरकून ट्रॅक्टरची रांग खळ्यावर आली की माणूस घाईत तेच बटण चारदा दाबतो आणि चार विंडो उघडतात.

दुसरी चूक बटणाला फंक्शन देताना होते, कमांडमधे नुसतं नाव द्या, पुढे कंस नको, कंस दिला तर विंडो उघडतानाच फंक्शन चालून जातं आणि बटण दाबलं की काहीच होत नाही. आणि पॅक आणि ग्रिड या बटणं-बॉक्स मांडायच्या दोन पद्धती एकाच फ्रेममधे मिसळू नका. फॉर्मसाठी ग्रिडच बरं.

इलेक्ट्रॉनिक काटा सीरियल पोर्टला जोडून वजन थेट घ्यायचं असेल तर व्हाइल लूप फिरवायचा नाही, स्लीप तर अजिबात नाही. मेनलूपला श्वास घ्यायला जागा मिळाली नाही की विंडो पांढरी पडून नॉट रिस्पॉन्डिंग दाखवते, आणि समोरचा शेतकरी पट्टीसाठी उभा असतो. त्याऐवजी आफ्टर वापरा: वजन वाचणाऱ्या फंक्शनच्या शेवटी रूटच्या आफ्टरला २०० मिलीसेकंद आणि त्याच फंक्शनचं नाव द्या, म्हणजे ते परत परत चालतं आणि विंडोही हलती राहते. सीरियल पोर्ट वाचायची लायब्ररी पायसीरियल, तिचा टाइमआउट शून्य ठेवा, म्हणजे डेटा आला नसला तरी ते वाट बघत अडून बसत नाही.

बंद करण्याचा विचारही आधीच करा. प्रोटोकॉल मेथडमधे डब्ल्यूएम डिलीट विंडो हे नाव, मोठ्या अक्षरात आणि मधे अंडरस्कोर, त्यापुढे तुमचं फंक्शन. त्यात पट्टी सेव्ह नसेल तर मेसेजबॉक्सने विचारा, हो म्हटलं तरच डिस्ट्रॉय. डिस्ट्रॉय लिहायचं राहिलं तर फुलीवर कितीही क्लिक करा, विंडो हलणार नाही.

खळ्यावरच्या कॉम्प्युटरवर देताना फाइलचं एक्स्टेन्शन पीवाय ऐवजी पीवायडब्ल्यू करा, मागे ती काळी खिडकी उघडत नाही.