'हिटलरने बेकारी संपवली' असा फॉरवर्ड आला की काय तपासायचं

सोसायटीच्या ग्रुपवर पाणी कधी येणार विचारत असतानाच मध्येच कोणीतरी काका टाकतात, हिटलर बाकी कसाही असो, कामगारांचं भलं केलं बरं का. लगेच 'फेक आहे' लिहू नका, कारण आकडा फेक नाहीये. १९३३ च्या सुरुवातीला जर्मनीत नोंदलेले बेकार साधारण ६० लाख होते आणि १९३९ पर्यंत उलट माणसंच कमी पडायला लागली, हे खरंय.

आधी बघा बेकारांच्या यादीतून कोण गायब झालं. जून १९३३ मध्ये लग्नासाठी १००० मार्कांपर्यंत कर्ज सुरू केलं, अट काय तर बायकोने नोकरी सोडायची, आणि पैसे रोख नाहीत, कूपनं! त्याआधी एप्रिलमध्येच ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढायचा कायदा आलेला, त्यांच्या जागा दुसऱ्यांना. १९३५ मध्ये सक्तीची सैन्यभरती आणि वर तरुण पोरांना ६ महिने सक्तीची श्रमसेवा. झाले की आकडे कमी.

मग काम कसलं ते बघा. फॉरवर्डमध्ये हायवेचा फोटो असतोच, पण ऑटोबानवर, म्हणजे त्या हायवेंवर, अगदी जोरात काम चालू असतानाही सव्वा लाखाच्या आसपास माणसं होती, ६० लाखांपुढे ते किती? खरा पैसा शस्त्रांत गेला, तोही उधारीवर, मेफो नावाची नुसती कागदावरची कंपनी काढून तिच्या हुंड्या फिरवल्या. शिवाय मंदीचा तळ १९३२ मध्येच येऊन गेला होता, हे कोणी सांगत नाही.

सगळ्यात जास्त वेळ पगारावर घालवा, कारण फॉरवर्ड तिथेच गप्प असतो. १ मे १९३३ ला कामगार दिनाची भरपगारी सुट्टी दिली आणि दुसऱ्या दिवशी युनियनची ऑफिसं ताब्यात घेऊन पुढाऱ्यांना आत टाकलं. लालबाग-परळच्या माणसाला यापुढचं समजावायला नको. संप बंद, वाटाघाटी बंद, पगार सरकारी माणूस ठरवणार. तासाचा दर मंदीतल्याच पातळीला दाबून ठेवला, हातात थोडे जास्त पडले ते तास वाढले म्हणून. १९३५ पासून प्रत्येकाचं कामाचं पुस्तक, म्हणजे नोकरीची सगळी नोंद असलेली वही, पुढे मालकाने ते अडवून ठेवलं की दुसरी नोकरी विसरा. आणि ती स्वस्त कार, म्हणजे पुढची फोक्सवॅगन, ९९० मार्कांची, बचतीच्या वहीत आठवड्याला ५ मार्कांची तिकिटं चिकटवत ३ लाखांवर लोकांनी पैसे भरले, हिटलरच्या राज्यात गाडी एकालाही मिळाली नाही, कारखान्यात लष्कराच्या गाड्या बनल्या.

हीच पद्धत 'आणीबाणीत गाड्या वेळेवर धावायच्या' याला पण चालते. घरात गिरणीतलं कोणी असेल तर बोनसचं विचारा, १९७५ मध्ये किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला होता.

ग्रुपवर मात्र हे सगळं ओतू नका, कोणी वाचत नाही. एवढंच टाका: 'काका, आकडा बरोबर आहे. फक्त त्यात घरी बसवलेल्या बायका धरल्यात का, आणि आठवड्याला तास किती भरायचे तेवढं सांगा ना.'