सात पत्त्यांत वीस लाइफ: मॅजिकमधला बर्न डेक कसा खेळावा

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात प्रत्येक खेळाडू २० लाइफवर सुरुवात करतो. लाल रंगाच्या स्वस्त जादूंमध्ये एका पत्त्याला साधारण ३ डॅमेज मिळतो. म्हणजे सात पत्ते प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर पडले की २१ होतात आणि डाव आपला. बर्न डेकचा, म्हणजे थेट डॅमेज देणाऱ्या जादूंनी भरलेल्या डेकचा, सगळा हिशोब एवढाच. हिशोब सोपा आहे म्हणून लोक या डेकला बिनडोक म्हणतात, आणि ते मला मनापासून खटकतं. सात पत्ते कोणते, कधी आणि कोणत्या क्रमाने टाकायचे, यातच डाव जिंकला किंवा हरला जातो.

हा लेख पॉपर प्रकारातल्या बर्नवर आहे. पॉपरमध्ये फक्त ‘कॉमन’, म्हणजे सर्वांत सहज मिळणारी, म्हणून छापलेलीच कार्डं चालतात. २०१९ मध्ये या प्रकाराला अधिकृत मान्यता मिळाली. नवख्याने स्पर्धेत उतरायचं तर मी हाच प्रकार सुचवेन, कारण इथे महागडी कार्डं नसल्यामुळे हरलात असं कधी होत नाही. टर्न, मॅना, लँड एवढे मूळ नियम तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो.

पायरी १: डेक बांधा

किमान ६० कार्डं लागतात आणि बेसिक लँड सोडली तर एका नावाची जास्तीत जास्त ४. माझी मांडणी अशी:

माउंटन १८. लाइटनिंग बोल्ट, चेन लाइटनिंग, लाव्हा स्पाइक, रिफ्ट बोल्ट, स्क्यूअर द क्रिटिक्स, सिअरिंग ब्लेझ, फायरब्लास्ट, थर्मो-अल्केमिस्ट, केल्डन मरॉडर्स आणि कर्स ऑफ द पिअर्स्ड हार्ट प्रत्येकी ४. सिअरिंग स्पिअर २.

१८ लँड का, ते समजून घ्या. पहिली खेळी आपली असेल तर चौथ्या टर्नपर्यंत आपण १० पत्ते पाहिलेले असतात. ६० मध्ये १८ म्हणजे दहात सरासरी ३ लँड. उरले ७ पत्ते, आणि सात गुणिले तीन एकवीस. आपल्या डेकचं घड्याळ चौथ्या टर्नला वाजतं ते यामुळे. लँड २२ केल्या तर तेच घड्याळ मागे पडतं, आणि १४ केल्या तर हातात पत्ते असून टाकता येत नाहीत.

मॅजिकमधल्या सगळ्या जुन्या कार्डांत मला लाइटनिंग बोल्ट सर्वांत लाडकं. १९९३ च्या पहिल्याच संचातलं हे कार्ड एका मॅनात ३ डॅमेज देतं, तेही कोणाच्याही टर्नमध्ये आणि कोणत्याही लक्ष्यावर. बाकीची कार्डं त्याचीच नात्यातली, पण प्रत्येकात काही ना काही अट आहे. लाव्हा स्पाइक क्रीचरवर, म्हणजे मैदानात उतरून लढणाऱ्या पत्त्यावर, चालत नाही. चेन लाइटनिंग ज्याला लागेल तो दोन लाल मॅना भरून तेच परत आपल्यावर फिरवू शकतो, म्हणून समोर लाल डेक असेल तर त्याच्या लँड वापरून झाल्यावरच ते टाका.

पायरी २: पहिला हात ठेवायचा की परत पिसायचा

सात पत्त्यांत दोन किंवा तीन लँड असतील तर निमूट ठेवा. पाच लँड आणि दोन जादू असतील तर परत पिसा, कारण तो हात फक्त ६ डॅमेजचा आहे.

खरी परीक्षा एका लँडच्या हाताची. उरलेल्या ५३ पत्त्यांत १७ लँड असतात. पहिली खेळी आपली असेल तर दुसऱ्या टर्नपर्यंत एकच पत्ता उचलायला मिळतो आणि दुसरी लँड येण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के राहते. खेळी दुसरी असेल तर दोन पत्ते मिळतात आणि ती शक्यता ५४ टक्क्यांवर जाते. तिसऱ्या टर्नपर्यंत ७० टक्के. म्हणून मी नियम केला आहे: पहिली खेळी असेल तर एका लँडचा हात ठेवायचा नाही. दुसरी खेळी असेल आणि बाकीच्या सहापैकी निदान पाच पत्ते एका मॅनाचे असतील, तरच ठेवायचा.

परत पिसल्यावर पुन्हा सात पत्ते उचलून एक तळाला ठेवावा लागतो. आपल्यासाठी तो एक पत्ता म्हणजे ३ डॅमेज, त्यामुळे नुसता हात आवडला नाही म्हणून पिसत बसू नका.

पायरी ३: पहिले तीन टर्न

पहिल्या टर्नला सर्वांत चांगली चाल रिफ्ट बोल्टची. एक मॅना भरून ते ‘सस्पेंड’ करा, म्हणजे बाजूला ठेवा. दुसऱ्या टर्नच्या सुरुवातीला ते आपोआप फुकट सुटतं आणि ३ डॅमेज होतो. प्रतिस्पर्ध्याचं लाइफ त्याच टर्नमध्ये कमी झालेलं असल्याने स्क्यूअर द क्रिटिक्स तीनऐवजी एका मॅनात टाकता येतं. दुसरा मॅना लाव्हा स्पाइकला. दुसरा टर्न संपतो तेव्हा समोरचा ११ वर आलेला असतो. क्रम उलटा केला आणि पहिल्या टर्नला लाव्हा स्पाइक टाकलं तर दुसऱ्या टर्नला हे सगळं जुळत नाही.

थर्मो-अल्केमिस्ट दुसऱ्या टर्नला आला तर सोन्याहून पिवळं. तो टॅप केला, म्हणजे आडवा केला, की समोरच्याला १ डॅमेज, आणि आपण इन्स्टंट (कोणाच्याही टर्नमध्ये टाकता येणारी जादू) किंवा सॉर्सरी (फक्त आपल्या टर्नमध्ये टाकता येणारी) टाकली की तो पुन्हा उभा राहतो. म्हणून आधी टॅप, मग जादू. अल्केमिस्ट उभा असताना जादू टाकली तर तो आधीच उभा असल्याने तेवढा डॅमेज वाया जातो. एका टर्नमध्ये दोन जादू टाकायच्या असतील तर टॅप, जादू, टॅप, जादू, टॅप असं खेळा. दोन जादूंसोबत ३ डॅमेज जास्तीचा मिळतो, म्हणजे एक आख्खा बोल्ट फुकटात. नवीन खेळाडूंच्या हातून इथे जितका डॅमेज गळतो तितका दुसरीकडे कुठेच गळत नाही.

केल्डन मरॉडर्स येताना १ आणि जाताना १ डॅमेज देतात. मधल्या एका हल्ल्यात कोणी अडवलं नाही तर आणखी ३. दोन मॅनात पाच! समोर अडवायला कोणी नसताना, म्हणजे दुसऱ्या टर्नलाच ते खेळण्यात अर्थ आहे.

पायरी ४: क्रीचर मारायचं की माणूस?

समोर तीन ताकदीचं क्रीचर उतरतं. हातात बोल्ट आहे. हात शिवशिवतो. इथे थांबून दोन आकडे काढा. मला जिंकायला अजून किती टर्न लागतील? आणि तो मला किती टर्नमध्ये मारेल? माझे दोन आणि त्याचे चार असतील तर त्या क्रीचरकडे बघूसुद्धा नका. आपलं लाइफ खर्च करण्यासाठीच आहे. १ लाइफवर जिंकलेला डावही जिंकलेलाच असतो.

एका स्पर्धेतला डाव माझ्या डोक्यातून जात नाही. मी १६ वर होतो. तिसऱ्या टर्नला समोर एक क्रीचर आलं आणि मी जरासुद्धा न मोजता त्यावर बोल्ट टाकला. पुढे मी त्याला खाली खाली आणलं आणि हात रिकामा झाला तेव्हा तो ३ वर होता. बरोबर ३. दोन टर्न मी नुसत्या लँड उचलत राहिलो आणि तो सावरला. तिसऱ्या टर्नचा तो बोल्ट मी वहीत अजून लाल शाईने लिहून ठेवला आहे.

याचा अर्थ क्रीचर कधीच मारायचं नाही असा नाही. तीन ठिकाणी मी मारतो: ते क्रीचर समोरच्याचं लाइफ वाढवत असेल, ते मारल्याने मला खात्रीने एक आख्खा टर्न जास्त मिळत असेल, किंवा हातात सिअरिंग ब्लेझ असेल. सिअरिंग ब्लेझ क्रीचर आणि त्याचा मालक या दोघांनाही लागतं. नुसतं टाकलं तर दोघांना १-१, पण त्याच टर्नमध्ये आपली लँड उतरलेली असेल तर ३-३. म्हणून हे कार्ड हातात असताना तिसरी-चौथी लँड मिळाली की लगेच खाली ठेवू नका. बाकीची कामं होत असतील तर ती हातातच राखा आणि क्रीचर उतरल्यावर आपल्या टर्नमध्ये आधी लँड, मग ब्लेझ.

पायरी ५: निळ्या डेकसमोर

निळा खेळाडू दोन लँड मोकळ्या ठेवून शांत बसलेला असतो. त्याच्याकडे काउंटरस्पेल असतं, म्हणजे आपली जादू हवेतच विझवायची सोय. घाबरून पत्ते धरून बसलात तर तो दर टर्नला एक लँड वाढवत जातो. ते आपल्याला परवडत नाही.

युक्ती अशी. त्याचा टर्न संपता संपता बोल्ट टाका. त्याने काउंटर केला तर त्याच्या दोन लँड टॅप होतात आणि त्या थेट त्याच्या पुढच्या टर्नलाच मोकळ्या होतात. मधला टर्न आपला. त्यात लाव्हा स्पाइक, स्क्यूअर अशा फक्त आपल्या टर्नमध्ये टाकता येणाऱ्या जादू निर्धास्त टाका. त्याने काउंटर केलंच नाही, तर ३ डॅमेज झाला, तेही चांगलंच.

पहिली खेळी आपली असेल तर दुसऱ्या टर्नच्या अल्केमिस्टला त्याचं काउंटरस्पेल अडवू शकत नाही, कारण त्याच्याकडे तेव्हा एकच लँड असते. तिसऱ्या टर्नपर्यंत थांबलात तर ही संधी गेली.

पायरी ६: शेवटचे चार

फायरब्लास्टची किंमत सहा मॅना, पण त्याऐवजी दोन माउंटन बळी देऊन ते टाकता येतं. ४ डॅमेज. बळी द्यायच्या माउंटन आधीच टॅप केलेल्या असल्या तरी चालतात. म्हणून आधी त्यांच्यातून मॅना काढून बोल्ट टाका आणि मग त्याच दोन माउंटन फायरब्लास्टला द्या. दोन माउंटनवर दोन बोल्ट आणि एक फायरब्लास्ट मिळून १० डॅमेज. समोरचा १० वर आला की तो सुरक्षित नाही, हे त्याला बहुधा माहीत नसतं.

पण हे कार्ड अगदी शेवटीच. काउंटर झालं तरी बळी दिलेल्या लँड परत येत नाहीत. ते टाकल्यावर डाव संपणार नसेल तर हातात ठेवा.

आणि हरत असाल तर एक प्रश्न विचारा: कोणता पत्ता उचलला तर मी जिंकेन? मग तो येणारच आहे असं धरून खेळा. २००६ च्या होनोलुलू प्रो टूरच्या उपांत्य फेरीत क्रेग जोन्स ऑलिव्हिए रुएलसमोर असाच अडकला होता. पुढच्या टर्नला हार दिसत होती आणि हातात ४ डॅमेजची एक जादू होती. त्याने ती बचावाला न वापरता थेट रुएलवर टाकली आणि त्याला ३ वर आणलं. पुढचा उचललेला पत्ता लाइटनिंग हेलिक्स होता, ३ डॅमेज. लोकांना आठवतं ते त्याचं नशीब. मला आठवते ती आधीची चाल, कारण ती खेळली नसती तर हेलिक्स येऊनही काही उपयोग नव्हता.

पायरी ७: साइडबोर्ड

सामना तीन डावांचा असतो. पहिल्या डावानंतर बाजूच्या १५ कार्डांतून बदल करता येतो. माझी पंधरा: पायरोब्लास्ट ४, स्मॅश टू स्मिथरीन्स ४, इलेक्ट्रिकरी ३, रेलिक ऑफ प्रोजेनिटस २, फ्लेअरिंग पेन २.

निळ्यासमोर पायरोब्लास्ट घ्या. आर्टिफॅक्टवाल्यासमोर स्मॅश, कारण ते आर्टिफॅक्ट फोडतं आणि वर ३ डॅमेजही देतं, म्हणजे आपला हिशोब मोडत नाही. समोर क्रीचरच नसतील तर सिअरिंग ब्लेझला लक्ष्य मिळत नाही, ते आधी काढा. वेगवान डेकसमोर कर्स काढा. चारपेक्षा जास्त पत्ते बदलायचा मोह आवरा, नाहीतर आपला डेक जाळायचंच विसरतो.

हिरव्या डेकच्या वेदर द स्टॉर्मपासून विशेष जपा. ते ३ लाइफ देतं, आणि त्या टर्नमध्ये आधी जितक्या जादू पडल्या तितक्या त्याच्या प्रती निघतात. आपण टाकलेल्या जादूही त्यात मोजल्या जातात! एका टर्नमध्ये आपण तीन जादू टाकल्या आणि त्याने वेदर टाकलं तर त्याला १२ लाइफ मिळतं. त्याच्याकडे दोन मॅना मोकळे असतील तर टर्नमागे एकच जादू टाका.

पायरी ८: सराव

घरी एकट्याने, समोर कोणी नसताना, वीस डाव खेळा. पत्ते पिसा, हात उचला आणि कितव्या टर्नला २० पूर्ण होतात ते लिहा. पाचव्या टर्नच्या पुढे गेलेला प्रत्येक डाव पुन्हा मांडून क्रम कुठे चुकला ते शोधा. बहुतेक वेळा अल्केमिस्ट किंवा रिफ्ट बोल्टपाशी सापडतं.

स्पर्धेत लाइफ कागदावर लिहा, फाशांवर ठेवू नका, धक्का लागला की फासा फिरतो. दोन रकाने आखा, आपला आणि त्याचा. त्याच्या रकान्यात नुसता आकडा न लिहिता शेजारी कार्डाचं नावही लिहा: १७ रिफ्ट, १४ स्क्यूअर, ११ स्पाइक. आकड्यावरून वाद झाला तर कागद बोलतो, आणि घरी आल्यावर तोच कागद घेऊन पुन्हा डाव मांडता येतो.