मावळे रंगवताना या चुका टाळा, पावसाळ्यात तर नक्कीच

एका जुलैमध्ये, पटावर खेळायच्या पानिपतच्या लढाईसाठी आणलेले बारा चिमुकले मराठा घोडेस्वार मी रंगवायला गॅलरीत ओळीने मांडले. पाऊस तासभर थांबलेला होता. प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराचा, स्प्रे मारला आणि चहा प्यायला आत गेलो. परत आलो तर घोडे राजगिऱ्याच्या लाडवासारखे खरखरीत! २८ मिलिमीटरच्या पुतळ्यावर एवढी खरखर म्हणजे नाक-डोळे गेलेच. या घोडेस्वारांचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो, कारण तिथेही मी एक चूक केली.

पाऊस थांबला म्हणून हवा कोरडी होत नाही, एवढं साधं माझ्या लक्षात आलं नव्हतं. डब्यातून वायू जोरात बाहेर पडतो तेव्हा गार होतो आणि दमट हवेतली वाफ त्या फवाऱ्यात मिसळते. उलट मे महिन्यात, दुपारच्या उन्हात, थेंब पुतळ्यापर्यंत पोचायच्या आतच सुकतात आणि पॉलिशपेपरसारखा थर बसतो. लांबून फवारलं तरी तेच होतं. डबा दोनेक मिनिटं नीट हलवा, वीत-सव्वा वीत अंतर ठेवा आणि झटकन एक फटकारा मारून थांबा. जून ते सप्टेंबर मात्र स्प्रे कपाटातच राहू दे. ब्रशने लावायचा प्रायमर मिळतो, तो वापरा. वेळ जास्त लागतो, पण फसत नाही. मॅट वार्निशच्या स्प्रेचंही असंच. दमट हवेत त्याच्यावर पांढुरकी साय धरते. अशी साय आली तर रडू नका. ब्रशने ग्लॉस वार्निशचा हात द्या, बहुतेक वेळा खालचा रंग परत दिसतो. मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट.

आता पंखा. आपल्याकडे पंख्याशिवाय बसणं अशक्य, आणि पंख्याखाली ॲक्रिलिक ब्रशच्या टोकावरच सुकतं. मग रंग ओढला जातो, चेहऱ्यावर रेघोट्या उमटतात आणि आपण ब्रशला शिव्या देतो. यावर उपाय म्हणजे ओली पॅलेट. झाकणाच्या पसरट डब्यात भिजवलेला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, की झालं काम. डबा दोन-तीन दिवस बंद राहिला की आपल्या हवेत बुरशी येते, तेव्हा पाणी रोज बदला. रंग दुधाइतका पातळ करा आणि एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात द्या. पहिला हात डागडाग दिसेल, दिसू दे. ब्रशबद्दल एकच सांगतो: शून्य-शून्य-शून्य नंबरचा केसाएवढा ब्रश घेऊ नका. त्यात रंगच मावत नाही, तो वाटेतच सुकतो. चांगल्या टोकाचा १ नंबर डोळ्यांनाही पुरतो.

सगळ्यात जास्त मावळे बिघडतात ते रंगाच्या निवडीत. बाटलीवर ‘फ्लेश’ लिहिलेला रंग गुलाबी असतो. तो लावला की सह्याद्रीत उन्हातान्हात हिंडणारा गडी नुकताच बोटीतून उतरलेल्या साहेबासारखा दिसतो. माझं प्रमाण असं: दोन भाग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), एक भाग यलो ऑकर (मातकट पिवळा), लाल अगदी टाचणीच्या टोकाएवढा. उजेडाच्या जागी, म्हणजे गालाचं हाड, नाकाचा शेंडा, बोटांचे पेर, याच मिश्रणात ऑकर वाढवत जा आणि शेवटच्या ठिपक्यापुरताच तो फ्लेश मिसळा. सावलीला काळा नको. किंचित गडद निळा घाला, त्वचा जिवंत राहते.

भगव्याचंही तसंच. नारिंगीत काळा घातला की मातकट तपकिरी होतं, पिवळ्यात घातला तर चक्क शेवाळी हिरवं. तांबड्यात पांढरा घालून उजळायला गेलात तर गुलाबी शेला मिळेल. शिवाय नारिंगी आणि पिवळा झाकायला कमजोर असतात. काळ्या प्रायमरवर सहा हात दिले तरी खालून काळा डोकावतो. म्हणून निशाणाखाली आधी पांढरा किंवा फिकट गुलाबी द्या. त्यावर तीन भाग नारिंगी, एक भाग तांबूस तपकिरी. चुण्यांमध्ये लालसर तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पाण्यासारखा पातळ रंग. चुणीच्या कडेला नारिंगी आणि ऑकर. पांढऱ्या धोतरालाही शुद्ध पांढऱ्याने सुरुवात करू नका. राखाडी-बदामीवरून हस्तिदंतीकडे चढत जा, पांढरा फक्त कडेला.

वॉश सपाट जागेवर साचला की चहाच्या कपाच्या बुडासारखी कडा उमटते. ओला असतानाच कोरड्या ब्रशने टिपून घ्या. पावसाळ्यात तो सुकायला दुप्पट वेळ धरा.

डोळ्यांचं मात्र मी व्हिडिओ बघून शिकलो नाही. लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी चालली होती, तिथे तासभर उभा राहिलो. कारागीर मनगट मूर्तीवर टेकवून, करंगळीचा आधार घेऊन रेघ ओढत होते. नुसता हात हवेत कधीच नाही. मी विचारलं, तर म्हणाले, “बुबुळ पापणीला टेकव, नाहीतर देव दचकल्यासारखा दिसतो.” आमच्या मावळ्यांचा आजार नेमका हाच होता. पांढऱ्याच्या मधोमध सुटा ठिपका ठेवला की शिपाई डोळे वटारतो. ठिपक्याऐवजी वरपासून खालपर्यंत बारीक उभी रेघ द्या. डोळे त्वचेच्या आधी रंगवा, म्हणजे बाहेर गेलेला रंग नंतर त्वचेच्या रंगाने झाकता येतो.

तर ते बारा घोडेस्वार. बिघडलेला रंग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर वापरू नका, प्लास्टिक विरघळतं. माझे धातूचे होते, तरी मी सौम्य मार्ग घेतला: पाणी न घातलेल्या डेटॉलमध्ये दिवसभर बुडवले आणि जुन्या टूथब्रशने घासले. इथे एक पथ्य आहे. रंग पूर्ण निघेपर्यंत पाणी लावायचं नाही, ब्रशही डेटॉलमध्येच बुडवायचा. पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट डांबरासारखा लगदा होतो. मला हे माहीत नव्हतं. पहिला घोडेस्वार मी थेट नळाखाली धरला. बाकीचे अकरा आता पटावर लढतात, तो अजून डब्यात आहे.