कोडी सोडवताना या चुका टाळा, उत्तर बघायची घाई तर अजिबात नको

गेली बरीच वर्षं आमच्या सोसायटीतल्या पोरांना मी रविवारी सकाळी कोडी घालतो, अधूनमधून त्यांचे आईबाबाही येऊन बसतात, आणि आता कोण कुठे अडकणार हे मला कोडं सांगून व्हायच्या आधीच कळतं. कारण चुका त्याच त्याच. सातवीतल्या पोराची आणि इंजिनिअर झालेल्या त्याच्या बापाची चूक एकच निघते.

न सांगितलेली अट मनानेच घालणं

ही सगळ्यात मोठी, म्हणून आधी हीच.

बारा नाणी, दिसायला एकसारखी. त्यातलं एक खोटं, पण ते जड आहे की हलकं ते माहीत नाही. दोन पारड्यांचा तराजू आहे, वजनं नाहीत. तीनदाच तोलायचं, खोटं नाणं शोधायचं आणि ते जड की हलकं तेही सांगायचं. मामाने मला हे कोडं घातलं तेव्हा मी नववीत होतो, मे महिन्यात रत्नागिरीला गेलेलो. पाच मिनिटांत मी उत्तर घेऊन हजर, सहा इकडे सहा तिकडे, जड बाजूची सहा घ्या, मग तीन-तीन, मग एक-एक, झालं. मामा सुपारी कातरत होता, मान वर न करता म्हणाला, "जड बाजूचीच का घेतलीस?"

तेवढंच. पुढे काही बोलला नाही.

खोटं नाणं जड आहे असं त्याने कुठेच म्हटलं नव्हतं, ते मी घातलं होतं. पुढचे चार दिवस मी पडवीत बारा चिंचोके मांडून बसलो होतो, कोळशाने वर आकडे घातलेले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की सहा-सहाने सुरुवात केली की काम होणारच नाही. बारा नाणी, प्रत्येक जड किंवा हलकं, म्हणजे २४ शक्यता. एकदा तोललं की तीनच गोष्टी होऊ शकतात, डावं पारडं खाली, उजवं खाली, नाहीतर समतोल. म्हणजे उरलेल्या दोन तोलण्यांत जास्तीत जास्त ९ शक्यता वेगळ्या काढता येतात. सहा-सहा ठेवली तर पारडं कुठेतरी झुकणारच आणि १२ शक्यता शिल्लक राहतात. खेळ खलास. चार-चार ठेवली की काहीही झालं तरी ८ च उरतात.

पुढची मेख अशी की दुसऱ्या वेळी काही नाणी उचलून पलीकडच्या पारड्यात टाकायची. समजा १ ते ४ ची बाजू खाली गेली आणि ५ ते ८ ची वर. आता १, २, ५ एका पारड्यात आणि ३, ४, ६ दुसऱ्यात ठेवा. समतोल झाला तर ७ किंवा ८ हलकं. १, २, ५ ची बाजू खाली गेली तर १ किंवा २ जड, नाहीतर ६ हलकं, मग तिसऱ्यांदा १ विरुद्ध २. बाकीचं तुम्ही करा.

माझी सवय सांगतो. कोडं ऐकलं की ते पाठकोऱ्या कागदावर आपल्या शब्दांत लिहून काढायचं आणि त्याखाली 'काय सांगितलेलं नाही' याची यादी करायची. पोरांना याचा भयंकर कंटाळा येतो, त्यांना लगेच सोडवायला सुरुवात करायची असते. मी पेन्सिलच देत नाही यादी तोंडी सांगेपर्यंत.

पाच वेळा जमलं म्हणून सहाव्यांदा जमेल असं धरणं

वर्तुळावर बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू बाकीच्या सगळ्यांना रेषेने जोडा, आतले तुकडे मोजा. एका बिंदूला १, मग २, ४, ८, १६. सहा बिंदूंना किती? सगळे ओरडतात ३२. स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता चाचणीत 'पुढची संख्या ओळखा' करून करून हात तसाच वळलेला असतो. खरं उत्तर ३१ आहे. आतला प्रत्येक छेद चार बिंदूंमुळे होतो, म्हणून सहातून चार निवडायचे १५ प्रकार, अधिक १५ रेषा, अधिक सुरुवातीचा एक अख्खा तुकडा.

आता यातलीच माझी चूक. एकदा एका मुलीने ३० सांगितलं. मी म्हटलं, बाळा परत मोज. तिने परत मोजून ३० च सांगितलं, मी तिसऱ्यांदा मोजायला लावलं, तिचे डोळे भरून आले. मग तिचा कागद हातात घेतला. तिने कंपासने सहा बिंदू अगदी समान अंतरावर घेतले होते, तीन मोठ्या रेषा बरोबर मधोमध एकाच ठिकाणी छेदत होत्या आणि तिथला बारका त्रिकोण गायब झाला होता. तिचे ३० शंभर टक्के बरोबर होते. 'तीन रेषा एका बिंदूत छेदू देऊ नका' ही अट मीच सांगायला विसरलो होतो. मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. तेव्हापासून कुणाचं उत्तर वेगळं आलं की मी आधी त्याची आकृती बघतो आणि मगच तोंड उघडतो.

ज्यांना अजूनही पॅटर्नवर विश्वास ठेवायचाय त्यांनी n² + n + ४१ मध्ये ० पासून पुढचे आकडे घालून बघावेत. ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्या येते. ४० घातलं की १६८१, म्हणजे ४१ × ४१.

शून्य खाऊन टाकणं

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा ६१७४ सगळ्यांना माहीत असतो. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने लावून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने लावलेली वजा करत राहा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. दरवर्षी कुणीतरी येऊन सांगतं, सर १००० ला येत नाही. १००० वजा १ बरोबर ९९९, ९९९ वजा ९९९ शून्य. अरे, ते ०९९९ आहे! चार घरं शेवटपर्यंत चारच ठेवायची. ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, ८५३२, आणि ६१७४.

बाकीच्या

तीस रुपयांतला हरवलेला रुपया: तिघांनी खोलीचे दहा-दहा दिले, मालकाने पाच परत पाठवले, पोऱ्याने दोन खिशात घातले आणि प्रत्येकाला एक-एक दिला. प्रत्येकी नऊ म्हणजे २७, अधिक पोऱ्याचे २, झाले २९, मग एक गेला कुठे? अहो, २७ मध्ये पोऱ्याचे २ आधीच आलेत, परत मिळवायचे कशाला? २५ मालकाकडे, २ पोऱ्याकडे.

सुडोकूत अंदाजाने आकडा भरणं, तेही पेनने. हे मला बघवत नाही. बारीक पेन्सिलीने कोपऱ्यात शक्य आकडे लिहा आणि एकच उरेल तेव्हा भरा.

तीन दारांचं कोडं, एकामागे गाडी, दोघांमागे शेळ्या. तुम्ही एक दार निवडता, सूत्रधार उरलेल्यांतलं एक उघडून शेळी दाखवतो आणि विचारतो, दार बदलायचं का? १९९० मध्ये मेरिलिन वोस सावंत यांनी अमेरिकेतल्या परेड मासिकात 'दार बदला' असं बरोबर उत्तर दिलं तर सुमारे दहा हजार पत्रं आली, हजाराच्या आसपास तर पीएचडीवाल्यांची, बहुतेकांचं म्हणणं बाई चुकल्या. आजचे लोक उलटी चूक करतात, बदललं की दोन तृतीयांश हे पाठ असतं. पण ते कधी, तर सूत्रधाराला गाडी कुठे आहे ते माहीत असून तो मुद्दाम शेळीचंच दार उघडतो तेव्हा. त्याने डोळे मिटून दार उघडलं आणि नशिबाने शेळी निघाली तर निम्मी-निम्मीच शक्यता. पटत नसेल तर पत्त्याची तीन पानं घेऊन दोन्ही प्रकार शंभर-शंभर वेळा खेळा.

आणि दहा मिनिटांत मोबाईलवर उत्तर बघणं. बघितलेलं उत्तर पुढच्या रविवारी आठवतसुद्धा नाही, हे मी कितीतरी पोरांत पाहिलंय. अडलात तर कोडं लहान करा, बाराच्या जागी तीन नाणी घ्या, मग चार. तेही जमेना तर झोपा, सकाळी परत बसा.

मामाने मला चार दिवसांत एक अक्षर सांगितलं नाही, आजी त्याच्यावर चिडली तरी नाही. चौथ्या रात्री कंदील जवळ ओढून मी त्याला सगळं करून दाखवलं, चोवीसच्या चोवीस शक्यता. तो शेवटपर्यंत लक्ष देऊन बघत होता. मग उठला, आतून अजून एक चिंचोका आणून रांगेत ठेवला. "आता तेरा. जड की हलकं नको सांगूस, नुसतं खोटं शोध. तीनदाच."