टेस्टरचे आठही दिवे लागले म्हणजे केबल बरोबर, असं नाही: गावातल्या घरात नेटची वायर कशी ओढावी

फायबरवाला येतो, पुढच्या खोलीत डबा ठोकतो, वायफायचा पासवर्ड सांगतो आणि जातो. आपल्याकडच्या मातीच्या जाड भिंतींतून ते वायफाय मागच्या खोलीपर्यंत धड पोचत नाही, आणि मध्ये टिनाचं शेड आलं की गोठ्यावरचा कॅमेरा दिवसातून दहा वेळा बंद पडतो. मग कंपनीला फोन सुरू होतात. मी गेली काही वर्षं गावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत हे काम करतो. माझा अनुभव असा की बिघाड बऱ्याचदा त्या डब्याच्या पुढे, घरातल्या शेवटच्या शंभर-दीडशे फुटांत असतो. तेवढी वायर नीट ओढणं कोणालाही जमेल.

आधी एक सुतळी घ्या आणि केबल जिथून न्यायची त्याच वाटेने भिंतीला धरून फिरवा, वळणं, चढउतार सगळं धरून. ती मोजा आणि दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर जास्त धरा. तांब्याच्या नेट केबलची मर्यादा १०० मीटर आहे. त्यापुढे केबलच्या टोकाला दिवा लागला तरी नेटचा भरवसा नाही.

केबल घेताना कॅट ६ या दर्जाची मागा. कॅट ५ई वरही १ गिगाबिटचा वेग मिळतो, त्यामुळे घरात आधीच ती टाकलेली असेल तर उपटू नका. पण नवीनच टाकायची तर कॅट ६ टाका. खरी पारख तारेची करायची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास मिळते, स्वस्तही पडते. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून बघा: आत पांढरी चकाकी दिसली तर ती परत द्या. ती तार वाकवली की लवकर तुटते, आणि केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर तापते. घराबाहेरून न्यायच्या तुकड्याला काळ्या जाड आवरणाची बाहेरची केबलच लागते. घरातली करडी केबल आपल्या मे महिन्याच्या उन्हात तडकते आणि पहिल्या पावसात तिच्यात पाणी शिरतं.

वाट ठरवताना लाइटच्या फिटिंगपासून केबल निदान एक फूट दूर ठेवा. एकाच पट्टीत दोन्ही वायर कोंबू नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. कूलरची वायर विशेष सांभाळा, कारण उन्हाळ्यात त्याची मोटर रात्रंदिवस चालते, शेजारी पाणीही असतं. तूर, सोयाबीनची पोती ज्या खोलीत राहतात तिथे उंदीर असणारच, म्हणून त्या खोलीत केबल उघडी न ठेवता पीव्हीसी पाइपातून न्या. भिंतीला भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा, आणि बाहेरची केबल भोकात शिरण्याआधी थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे पाणी तिथून टपकून जाईल, घरात येणार नाही.

आता केबलच्या टोकाला जॅक, म्हणजे प्लास्टिकचा प्लग, लावायचा. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश सांगतो.

बाहेरचं आवरण इंचभर सोला. आतल्या तारांना ब्लेड लागलं का ते बघा, लागलं असेल तर तेवढा तुकडा कापून पुन्हा सोला. आत चार जोड्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येकीत एक पूर्ण रंगाची तार आणि एक पांढऱ्यावर त्या रंगाची रेघ असलेली. पीळ फक्त गरजेपुरता सोडवा. तारा सरळ करून डावीकडून उजवीकडे या क्रमाने लावा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. याला ५६८बी क्रम म्हणतात.

अंगठ्याने दाबून धरा, कटरने एका रेषेत कापा, साधारण अर्धा इंच, म्हणजे १३ मिलिमीटरच तारा उघड्या ठेवा. जॅकची क्लिप खाली, सोनेरी दात (यांनाच पिना म्हणतात) वर आणि केबल शिरायचं तोंड तुमच्याकडे असं धरलं की पहिली पिन डावीकडे येते. तारा आत ढकला. समोरून बघितलं की आठही तारांची टोकं जॅकच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत, आणि बाहेरचं आवरण जॅकच्या आत शिरलेलं हवं, म्हणजे दाबल्यावर पकड आवरणावर बसते. तारांवर बसली तर वर्षभरात जॅक निखळतो. मग क्रिम्परने, म्हणजे जॅक दाबायच्या हत्याराने, पूर्ण दाबा. दुसऱ्या टोकालाही हाच क्रम.

हिरव्या जोडीच्या मधे निळी का घुसवली, हा प्रश्न मलाही पडला होता, आणि त्याचं उत्तर न शोधता मी काम करत गेलो. आमच्या गावातल्या अभ्यासिकेत पोलिस भरतीचे फॉर्म भरायला एक संगणक बसवला, चाळीस मीटर केबल ओढली. दोन्ही टोकांना मी जोडीला जोडी लावून दिली: नारिंगी दोन, हिरव्या दोन, निळ्या दोन, तपकिरी दोन. टेस्टरवर, म्हणजे तारा तपासायच्या यंत्रावर, १ ते ८ दिवे ओळीने लागले. तरी फॉर्म अर्ध्यात अडकायचा, फोटो अपलोड होईना. शेवटची तारीख जवळ आलेली. एक पोरगा म्हणाला, “भाऊ, आठही लाइट लागले न, मग चालत काऊन नाही?” मी तीनदा जॅक बदलले, तिन्ही वेळा त्याच क्रमाने.

कारण असं आहे. नेटचा प्रत्येक सिग्नल दोन तारांवरून जातो आणि त्या दोन तारा एकाच पिळातल्या असाव्या लागतात. पिळामुळे बाहेरचा त्रास दोन्ही तारांना सारखाच लागतो आणि पलीकडे तो वजा होतो. जॅकमध्ये १-२ ही जोडी आहे, ३-६ ही जोडी आहे, ४-५ आणि ७-८ या जोड्या आहेत. मी लावलेल्या क्रमात तिसऱ्या पिनवर हिरव्या जोडीची तार गेली आणि सहाव्यावर निळ्या जोडीची. तार पोचली, म्हणून दिवा लागला. पीळ मोडला, म्हणून सिग्नल खराब झाला. साधा टेस्टर फक्त तार पोचली का एवढंच सांगतो. दोन मीटरच्या तुकड्यात ही चूक लपूनही जाते, चाळीस मीटरमध्ये लपत नाही. योग्य क्रमाने दोन जॅक लावले आणि दहा मिनिटांत पोरांचे फॉर्म भरून झाले.

म्हणून टेस्टरनंतर संगणकावर लिंकचा वेग बघाच. दोन्हीकडची पोर्टं, म्हणजे केबल घालायची तोंडं, गिगाबिटची असून १०० एमबीपीएस दिसत असेल, तर बहुधा ४, ५, ७, ८ पैकी एखादी तार नीट बसलेली नाही. १०० चा वेग १, २, ३, ६ या चार तारांवरच चालतो, त्यामुळे बाकीच्या तुटल्या तरी नेट सुरूच दिसतं.

पोर्टांचं थोडक्यात. फायबरच्या डब्याच्या लॅन (घरातल्या बाजूच्या) पोर्टातून निघालेली केबल राउटरच्या वॅन (बाहेरून नेट येणाऱ्या) पोर्टात जाते. हे वॅन पोर्ट बहुतेक वेगळ्या रंगाचं असतं. राउटरच्या लॅन पोर्टांतून संगणक, टीव्ही, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर. डब्यावरचं छोटं पोर्ट टेलिफोनचं आहे, त्यात काही घालू नका. जुना राउटर मागच्या खोलीत वायफायसाठी वापरायचा असेल तर आधी त्याचा आयपी पत्ता पहिल्या राउटरपेक्षा वेगळा करा, त्यातलं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करा आणि केबल लॅनमधून लॅनमध्ये द्या. एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये (लाइटचं बटण नव्हे, एका केबलवरून अनेकांना नेट देणारा डबा) कधीही घालू नका. साध्या स्विचवर तेवढ्याने सगळ्या घराचं नेट ठप्प होतं. डब्याला आलेली फायबरची बारीक दोरी मुडपू नका, तिच्या टोकाला बोट लावू नका आणि त्यात डोळा घालून बघू नका. डब्यावरचा एलओएसचा, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा लागला तर मात्र बिघाड कंपनीच्या बाजूने आहे किंवा ती दोरी दुखावली आहे; तेव्हाच फोन करा.

गोठ्यावरच्या कॅमेऱ्याला पीओई स्विचमधून एकाच केबलने नेट आणि वीज दोन्ही देता येतं. साधं पीओई पोर्ट १५.४ वॅटपर्यंत देतं, कॅमेऱ्याला ते पुरतं. पण स्वस्त इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा वेगळा डबा) घेताना त्याचे व्होल्ट कॅमेऱ्याशी जुळतात का ते बघा. काही इंजेक्टर न विचारता थेट २४ किंवा ४८ व्होल्ट सोडतात.

आणि वीज. मृगाच्या आसपास आपल्याकडे कडाडते तेव्हा लोक टीव्हीचा प्लग काढतात, राउटरचाही काढतात, पण नेटची केबल तशीच राहते. घरापासून गोठ्यापर्यंत उघड्यावरून गेलेली तांब्याची तार जवळपास पडलेल्या विजेचा झटका सरळ स्विचमध्ये आणते. तेव्हा आभाळ भरून आलं की ती केबलही काढा. कायमचा उपाय हवा असेल तर दोन इमारतींमध्ये तांबं न टाकता फायबर टाका आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) लावा. काचेतून वीज येत नाही.

शेवटी दोन्ही टोकांना हातभर केबल गुंडाळून ठेवा, पुन्हा जॅक लावायची वेळ आली तर ती कामी येते. प्रत्येक टोकावर कागदाची चिठ्ठी गुंडाळून वर पारदर्शक टेप लावा: “गोठा”, “मागची खोली”, “रेकॉर्डर”. रंगांचा क्रमही एका कागदावर लिहून राउटरजवळ भिंतीला चिकटवा.