ब्रँडेड कॉम्प्युटरला साधा एसएमपीएस बसवण्याआधी

आमच्या गुहागर तालुक्यात एखादा सुटा भाग मागवला की तो चिपळूणपर्यंत येतो, पुढे आणायला कोणीतरी तिकडे जाणारा गाठावा लागतो. मागच्या पावसाळ्यात वाचनालयाचं मशीन उघडलं तेव्हा नवा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) माझ्या हातात होता, पण त्याचा अ‍ॅडॉप्टर (तो बोर्डाला जोडणारी मधली तार) मागवलेलाच नव्हता. बारा दिवस पुस्तकांची देवघेव वहीवर चालली. म्हणून ही यादी, नवीन काही विकत घेण्याआधीची.

एसएमपीएसच गेलाय ना, हे आधी पक्कं करा. काही मशीनच्या मागे एसएमपीएसवरच छोटा दिवा आणि बटण असतं. आतले सगळे कनेक्टर काढून बटण दाबल्यावर दिवा लागला, तर दोष बहुधा दुसरीकडे आहे. जुना डबा मात्र उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ टिकतात.

आता मदरबोर्डवरच्या मुख्य कनेक्टरच्या पिन मोजा आणि फोटो काढा. बाजारातल्या साध्या एटीएक्सचा (सर्रास मिळणाऱ्या प्रमाणित एसएमपीएसचा) कनेक्टर २४ पिनचा. डेलच्या बऱ्याच ऑप्टिप्लेक्सना ८ पिन, लेनोवोच्या थिंकसेंटरमध्ये कुठे १४ तर कुठे १०, एचपीच्या काही मशीनमध्ये ६. यासाठी तयार अ‍ॅडॉप्टर मिळतात, पण पिनांची संख्या जुळली म्हणून घेऊ नका, मशीनचा पूर्ण मॉडेल नंबर जुळवूनच घ्या. साधा एटीएक्स मशीन बंद असताना जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट देतो. काही बोर्डांना त्याच जागी ११-१२ व्होल्ट लागतात, म्हणून त्यांच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट असतं. नुसत्या तारांचा स्वस्त जोड लावला तर असं मशीन सुरूच होणार नाही. सगळ्यात घातक प्रकार म्हणजे दिसायला हुबेहूब सारखा कनेक्टर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी डेलच्या काही मशीनमध्ये नेहमीच्या आकाराचाच २० पिनचा कनेक्टर होता, पण तारांचा क्रम वेगळा. साधा एसएमपीएस त्यात अगदी सहज बसायचा आणि बोर्ड जळायचा. कनेक्टर आत गेला याचा अर्थ तो जुळला, असं कधीच धरू नका.

मग डब्याचं माप घ्या. एटीएक्स १५० मिमी रुंद, ८६ मिमी उंच आणि साधारण १४० मिमी खोल. चपट्या कॅबिनेटमध्ये तो मावत नाही. तिथे टीएफएक्स किंवा एसएफएक्स, म्हणजे लहान मापाचा एसएमपीएस लागेल. एसएमपीएस कॅबिनेटबाहेर ठेवून तारा आत घेण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. समुद्राजवळच्या घरात मी तसं कधीच करणार नाही. उघड्या फटीतून खारा वारा आणि पाल दोन्ही आत शिरतात. वॅट बघताना लेबलवर १२ व्होल्टचे अँपिअर वाचा, जुन्यापेक्षा कमी नकोत. ग्राफिक्स कार्ड नसेल तर ऑफिसच्या मशीनला ३००-४०० वॅट पुरतात.

घराच्या अर्थिंगकडेही बघा. जांभ्याच्या कातळावर घर असेल तर एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. वायरमनला बोलवून तीन मोजमापं करून घ्या: फेज-न्यूट्रल साधारण २३० व्होल्ट, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. अर्थ बरोबर नसेल तर आधी खड्ड्यात पाणी घाला, मीठ-कोळसा बदला, आणि मगच नवीन एसएमपीएस लावा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लहरींची वीज देणारा) असेल तर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेला) एसएमपीएस लाइट गेल्यावर झटकन बंद पडू शकतो, हे दुकानात विचारून घ्या. काही स्वस्त एसएमपीएसच्या मागे ११५/२३० चा लाल खटका असतो. तो २३० वरच हवा.

हाताशी मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर, चार नवे स्क्रू (जुने बहुधा गंजलेले निघतात), मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल ठेवा. बोर्डाच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर तो आधी पुसा.

अ‍ॅडॉप्टर आला की बोर्डाला जोडण्याआधी नवा एसएमपीएस एकटाच चालवा. त्याची हिरवी तार एखाद्या काळ्या तारेला जोडली की पंखा फिरतो. मग मोजा: पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७ व्होल्ट. प्रोसेसरचा ४ किंवा ८ पिनचा कनेक्टर वेगळा आणि ग्राफिक्स कार्डचा वेगळा. दोन्हींत पिवळ्या-काळ्या तारांच्या जागा उलट असतात. काम सकाळी करा, वळवाच्या संध्याकाळी नको.

सगळं नीट चाललं की कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: कोणता अ‍ॅडॉप्टर, किती वॅट, कोणत्या तारखेला.