खानदेशात पॉपीची रोपं घरात कशी तयार करावीत

दिवाळीच्या अनारशांतून उरलेली खसखस कुंडीत टाकून बघावी, असं पुष्कळांच्या मनात येतं. कृपा करून तसं करू नका. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं, म्हणजे पॉपीच्याच एका जातीचं बी. १९८५च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यानुसार परवान्याशिवाय ते झाड कुंडीत लावणं हाही गुन्हा आहे, आणि परवाने मिळतात ते मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतच. बागेसाठी शर्ली, आइसलँड किंवा कॅलिफोर्निया पॉपी घ्या. पाकिटावर ‘पिओनी’ किंवा ‘ब्रेडसीड’ असं लिहिलेलं असेल तर ते बी अफूच्याच जातीचं असतं, ते घेऊ नका. पहिल्यांदाच लावत असाल तर शर्ली बरी.

पॉपीचं बी १५ ते २० अंशांच्या गारव्यात चांगलं उगवतं. जळगाव-धुळ्याकडे ऑक्टोबरची दुपार अजून भाजत असते. उघड्यावर पेरलं तर वरचा थर तासाभरात सुकतो, उरलंसुरलं मुंग्या नेतात. म्हणून सुरुवात घरात करायची. रात्री गारवा जाणवू लागला, म्हणजे ऑक्टोबर संपता संपता, की पेरा. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालतं. तोवर पाकीट फ्रिजमध्ये ठेवा.

पॉपीचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि त्याला धक्का लागला की रोप बसतं ते उठतच नाही. त्यामुळे ट्रेमध्ये दाट पेरून मग उपटून लावण्याची मिरची-वांग्याची रीत इथे चालत नाही. कागदी ग्लास किंवा वर्तमानपत्राच्या सुरळ्या घ्या, म्हणजे पुढे कागदासकट लावता येतं. केळीच्या पट्ट्यात राहत असाल तर सोपटाच्या वाळलेल्या पट्ट्या गुंडाळून सुतळीने बांधल्या तरी काम भागतं. तळाला भोक हवंच.

आपली काळी माती या कामाला नको. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते, त्यात कोवळं मूळ तुटतं. कोकोपीट दोन भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग, बारीक रेती एक भाग असं मिश्रण करा. ग्लास भरून पेरण्याआधीच पाणी द्या आणि निथळू द्या.

आता पेरणी. चिमूटभर बी चमचाभर कोरड्या, फिकट रेतीत मिसळा. काळसर बी त्यात दिसतं आणि हात सैल सुटत नाही. प्रत्येक ग्लासात पाच-सहा बिया पडतील एवढंच भुरभुरा, बोटाने हलकं दाबा. वर माती अजिबात टाकू नका. या बियांना उगवायला उजेड लागतो, गाडलं की संपलं. वरून झारीने पाणी घातलं तर बी वाहून एका कडेला जमा होतं. ग्लास परातीत ठेवून परातीत पाणी घाला, वरचा थर ओलसर दिसला की उरलेलं काढून टाका.

आठ ते पंधरा दिवसांत कोंब दिसतात: दोऱ्यासारखी दोन पानं, इतकी बारीक की गवत समजून कुणीतरी उपटून टाकेल. उगवताच ग्लास पूर्वेच्या खिडकीत हलवा. उजेड कमी पडला तर रोपं लांबट होऊन लवंडतात. ओल जास्त आणि हवा कमी झाली तर देठ जमिनीलगत काळा पडून मर लागते. खिडकी उघडी ठेवा, वरचा थर सुकू लागल्याशिवाय पाणी नको.

खरी पानं आली की प्रत्येक ग्लासात एकच जोमदार रोप ठेवा. बाकीची कात्रीने कापा. उपटली तर शेजारचं मूळ हलतं. हे करताना जीव होत नाही, पण विरळणी टाळली तर एकही रोप धड वाढत नाही.

चार-पाच पानांवर रोपं आठवडाभर रोज थोडी थोडी उन्हात ठेवून सवय लावा. मग संध्याकाळी, वीतभर अंतरावर, ग्लासाचा तळ कापून पुनर्लागवड करा. वाफ्यात रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळलेलं असावं. युरिया देऊ नका, नुसता पाला माजतो. जानेवारीच्या अखेरीपासून फुलं येतात. सुकलेली फुलं खुडत राहिलात तर फेब्रुवारीअखेर ऊन तापेपर्यंत कळ्या येत राहतील.